संप नको म्हणून कारखानाच दुसऱ्या राज्यात! (बोईंग, चार्ल्स्टन आणि आमच्या शेजाऱ्याचं मत)

समरविलकर | शुक्र, ०८/११/२०२४ - २१:४०

मंडळी, सोमवारी रात्री सिएटलकडचा बोईंगचा संप मिटला, ५३ दिवस चालला, ३३ हजार कामगार बाहेर होते, बातम्यांत वाचलंच असेल. धागा त्याबद्दलच आहे पण उलट्या बाजूने. मी २००६ ते २०११ लिनवूडला होतो, सिएटलच्या थोडं वर, एव्हरेटच्या त्या अवाढव्य कारखान्याच्या जवळ, आणि तेव्हापासून आजपर्यंत साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळ समरविलला. बोईंगमध्ये नाही, बोईंगला पार्ट देणाऱ्याला पार्ट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो, म्हणजे अगदी उतरंडीतलं तळातलं मडकं. त्यामुळे विमान एकच (७८७ ड्रीमलायनर) पण त्याची दोन्ही गावं बघून झालीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिएटल भागात मशिनिस्टांची युनियन आहे, आयएएम डिस्ट्रिक्ट ७५१, जुनी आणि जोरदार. १९८९ ला ४८ दिवस संप, १९९५ ला ६९ दिवस, २००५ ला २८, २००८ ला ५७. २००८ चा मी डोळ्यांनी बघितला. खरं सांगायचं तर तेव्हा मी युनियनला शिव्या घालत होतो, कारण आमच्या मालकाने आठवड्याला तीनच दिवस काम ठेवलं आणि पगार त्या हिशोबाने कापला, मुलगी तेव्हा चार महिन्यांची. म्हणजे संप त्यांचा आणि दुधाच्या डब्याचा हिशोब माझा.

त्यानंतर वर्षभराने, २८ ऑक्टोबर २००९ ला बोईंगने जाहीर केलं की ७८७ ची दुसरी असेंब्ली लाइन एव्हरेटला नाही तर साउथ कॅरोलायनात नॉर्थ चार्ल्स्टनला टाकणार. इथे युनियन जवळपास नाहीच म्हणा. त्याआधी दीड महिन्याची गंमत बघा, चार्ल्स्टनला वॉट नावाच्या कंपनीचा ७८७ च्या मागच्या धडाचा कारखाना बोईंगने विकत घेतला होता, तिथल्या कामगारांनी २००७ ला युनियन आणली होती, ती त्यांनी स्वतःच मतदान करून काढून टाकली, १९९ विरुद्ध ६८. आणि मग लाइन आली. राज्याने सुरुवातीलाच ४५ कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या.

आता शेजारी. नाव लिहीत नाही. पन्नाशीचा माणूस, कारखान्यात असेंब्लीला आहे, मनाने एकदम चांगला, आमचं छप्पर वादळात उडालं तेव्हा शिडी घेऊन पहिला हाच आला होता. इथे शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, हो अगदी आपल्यासारख्या, राज्याचा अधिकृत खाऊ आहे तो, रस्त्याच्या कडेला पाट्या लावून विकतात. तर याच्या अंगणात शनिवारी मोठ्या पातेल्यात शेंगा उकळत असतात आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून टरफलं उडवत बसतो.

२०१७ च्या फेब्रुवारीत इथे युनियन हवी का नको यावर मतदान होतं. टीव्ही लावला की जाहिरात, रेडिओ लावला की जाहिरात. निकाल २,०९७ विरुद्ध ७३१, म्हणजे चारातल्या तिघांनी नको म्हटलं. आमचा शेजारी त्या तिघांतला. मी त्याला विचारलं बाबा रे तिकडे सिएटलला तुझ्याच कामाला तासाला तुझ्यापेक्षा जास्त मिळतात, मग नको का म्हणालास? तर तो जे म्हणाला ते मला सात वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. म्हणाला, "माझी आई कापडाच्या गिरणीत होती, गिरणी गेली मेक्सिकोला. मी विशीत असल्यापासून मिळेल ते काम करतोय. हे काम इथे का आलं माहितेय ना तुला? इथे युनियन नव्हती म्हणून आलं. मग ज्या पायावर घर उभं आहे तोच मी खणू?"

मला काही उत्तर सुचलं नाही. शेंगा मात्र संपवल्या.

तर प्रश्न असा की हा माणूस भित्रा आहे, शहाणा आहे, की फसलेला आहे? आणि कंपनीने असं "संप नको म्हणून दुसरीकडे जातो" म्हणणं बरोबर आहे का? मला स्वतःचं मत अजून नीट बनवता आलेलं नाही. राजकारण कमी आणि माहिती जास्त असे प्रतिसाद आले तर बरं.

---

आग्या_वेताळ | शुक्र, ०८/११/२०२४ - २२:०५

वाचतोय. लाल बावटा पार्टी आणि शेठजी पार्टी दोन्ही येऊ द्या. मी सतरंजी टाकून बसलोय.

---

चाकणचा_सप्लायर | शनि, ०९/११/२०२४ - ०८:१२

शेठजी पार्टी हजर आहे :)

समरविलकर, तुमचा शेजारी शहाणा आहे, फुलस्टॉप. लोक कारखानदाराला शिव्या देतात पण त्याच्या बाजूने बघा. गिऱ्हाईकाने विमान बुक केलंय, उशीर झाला की दंड, त्यात ७८७ आधीच तीन वर्षं लेट. आणि दर करार संपला की गेटवर संपाचे बोर्ड. कुठलाही धंदेवाला म्हणणार की सगळी अंडी एका टोपलीत नकोत. मी माझ्या शेडमध्ये दोन सीएनसी वेगवेगळ्या कंपनीच्या ठेवतो, का? एक बसली तर दुसरी चालू राहावी म्हणून. हे तेच आहे, फक्त आकडे मोठे.

आमच्याकडे काय वेगळं आहे? २०१३ ला बजाजच्या चाकणच्या प्लँटला पन्नासेक दिवस काम बंद होतं, युनियनला एक रुपयाने शेअर पाहिजे होते. लगेच औरंगाबादला आणि पंतनगरला उत्पादन हलवायची भाषा सुरू झाली आणि शेवटी कामगार आत गेले. तेव्हा माझ्याकडे अकरा पोरं होती, त्यातली चार मी घरी पाठवली, तीच चार परत आली नाहीत कधी. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं मत काय. कायम कामगाराच्या युनियनला कायम कामगार दिसतो, आमच्या शेडमधला पोरगा दिसत नाही. हे लिहून ठेवा.

युनियन नकोच असं मी म्हणत नाहीये. पण जिथे शांतता आहे तिथे पैसा जाणार, पाणी उताराकडेच जातं.

---

काळा_कोट | शनि, ०९/११/२०२४ - ११:३०

सप्लायर साहेब, दोन सीएनसीचं उदाहरण छान आहे पण वाद नेमका तिथेच होता. दुसरी मशीन घेणं कायदेशीर आहे. पहिल्या मशीनवरचा माणूस संपावर गेला "म्हणून" घेणं, हे मात्र अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही. (मी पुण्यात कामगार कोर्टात प्रॅक्टिस करते, अमेरिकन वकील नाही, पण ही केस त्या वेळी आवडीने फॉलो केली होती.)

तिथला १९३५ चा कायदा सांगतो की संप करणं हा कामगाराचा हक्क आहे आणि तो वापरला म्हणून मालकाने सूड उगवायचा नाही. आता मालकाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायला आम्हा वकिलांच्या चपला झिजतात. इथे बोईंगच्या विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी २०१० मध्ये सिएटल टाइम्सला मुलाखतीत स्वतःच सांगून टाकलं, की मुख्य कारण पगार वगैरे नव्हतं, दर तीन वर्षांनी काम बंद पडणं आम्हाला परवडत नाही हे होतं. झालं! साक्षीदार शोधायचीच गरज उरली नाही. असा विरुद्ध पक्ष सगळ्यांना लाभो.

२० एप्रिल २०११ ला नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाच्या वतीने लेफ सॉलोमन यांनी तक्रार दाखल केली आणि मागणी काय, तर दुसरी लाइन वॉशिंग्टन राज्यात चालवा. तोपर्यंत चार्ल्स्टनला इमारत उभी राहिलेली, हजारभर माणूस भरलेला. अख्ख्या देशात गदारोळ झाला, सरकार कारखानदाराला कुठे कारखाना टाकायचा ते सांगणार का वगैरे. कंपनीचा बचावही तसा कच्चा नव्हता: एव्हरेटमधल्या एकाचीही नोकरी गेलेली नाही, हे नवीन काम आहे, आणि संपाचा खर्च लक्षात घेणं म्हणजे सूड नव्हे, हिशोब आहे.

हिशोब की सूड, हा प्रश्न मला वकील म्हणून फार आवडला होता आणि त्याचं उत्तर मिळालंच नाही. कारण डिसेंबर २०११ ला कंपनी आणि युनियनचा नवा करार झाला, ७३७ मॅक्स हे नवं विमान रेंटनला म्हणजे सिएटलजवळच बनवायचं ठरलं, ७४ टक्के सभासदांनी होकार दिला आणि युनियनच्याच विनंतीवरून बोर्डाने तक्रार मागे घेतली. युनियनने केस वाटाघाटीत नाणं म्हणून वापरली आणि वटवली. मोठा निकाल लागता लागता राहिला.

आपल्याकडचं सांगायचं तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात "अनुचित कामगार प्रथा" अशी यादीच आहे, युनियन काढाल तर टाळं लावीन अशी धमकी देणं त्यात बसतं, संप मोडायला नेहमीचं काम कंत्राटदाराला देणं हेही बसतं. पण "मी पुढचा प्लँट दुसऱ्या राज्यात टाकतो" याला कुठल्या कलमात बसवायचं हा प्रश्न आमच्याकडेही उरतोच.

जाता जाता: साउथ कॅरोलायना हे "राइट टू वर्क" राज्य आहे असं वाचलंत तर रोजगार हमी समजू नका हं. आपल्याकडे कामाचा हक्क म्हटलं की सरकारने काम दिलं पाहिजे. तिकडे अर्थ एवढाच की कारखान्यात युनियन असली तरी तिची वर्गणी भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना ती मुभा दिली. शब्द सारखा, मामला भलताच.

---

आग्या_वेताळ | शनि, ०९/११/२०२४ - ११:५२

रोजगार हमी :D मी खरंच तेच समजत होतो इतकी वर्षं. कोट ताई दंडवत घ्या.

---

पावसाळी | शनि, ०९/११/२०२४ - २३:१८

एव्हरेटहून लिहितेय. मी इंजिनिअर आहे, आमची इंजिनिअरांचीसुद्धा युनियन आहे, स्पीया. पुण्यात आईला सांगितलं की मी युनियनची मेंबर आहे तर ती म्हणाली अगं इंजिनिअर ना तू? २००० साली या इंजिनिअरांनी चाळीस दिवस संप केला होता, माझ्या आधीची गोष्ट, पण जुने लोक अजून सांगतात, गेटवर लोखंडी पिंपात लाकडं पेटवून त्याच्याभोवती पीएचडीवाले उभे होते म्हणे. ती पिंपं इथल्या संपाची खूणच आहे. यंदाही होती, सप्टेंबर अखेरीपासून पाऊस चालू, ऑफिसला जाता-येता प्रत्येक गेटला धूर.

समरविलकर, तुमचा शेजारी काय म्हणाला ते वाचून मला वाईट वाटलं, राग नाही आला. पण चार्ल्स्टनच्या "नको" चं बिल इथे कसं फाटलं ते सांगते, कारण ते तुमच्याकडे कुणी सांगत नाही.

२०१३ च्या नोव्हेंबरात कंपनीने सांगितलं की नवीन ७७७एक्स विमानाचं काम इथे हवं असेल तर पेन्शन गोठवा, म्हणजे पुढच्या नोकरीची पेन्शन साठणं बंद. करार संपायला अजून तीन वर्षं होती हो! ६७ टक्क्यांनी नाही म्हटलं. मग कंपनीने देशभर निविदा काढल्यासारखं केलं, बावीस राज्यांनी आमच्याकडे या म्हणून प्रस्ताव पाठवले, मिसूरीने त्यासाठी खास अधिवेशन बोलावलं. आणि आमच्या राज्याने तर आधीच २०४० पर्यंतच्या ८७० कोटी डॉलरच्या करसवलती मंजूर करून ठेवलेल्या. ३ जानेवारी २०१४ ला पुन्हा मतदान, नाताळच्या सुट्टीला चिकटून, आणि ५१ टक्क्यांनी पास. पेन्शन गोठली.

आता मला सांगा, ती धमकी खरी का वाटली लोकांना? कारण चार्ल्स्टन होतं. पाच वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं की विमान उचलून दुसरीकडे नेऊ तर लोक हसले असते. चार्ल्स्टन झाल्यावर कुणी हसलं नाही. मला तर वाटतं त्या कारखान्याचा खरा माल विमान नव्हताच, ती धमकी होती. विमानं आपली वर नफा.

आणि करसवलतीची मजा: अट एवढीच की ७७७एक्स इथे बनलं पाहिजे, माणसं किती ठेवायची याची अटच नव्हती. २०२० च्या ऑक्टोबरात जाहीर केलं की ७८७ चं सगळं काम चार्ल्स्टनला नेणार, २०२१ पासून इथलं ७८७ बंद. म्हणजे दुसरी लाइन, पर्याय, दोन मशीन वगैरे जे होतं ना सप्लायर साहेब, त्यातली पहिली मशीनच बंद केली. आता अंडी परत एकाच टोपलीत. टोपली फक्त बदलली.

यंदाच्या संपात पोरं पेन्शन परत द्या म्हणूनच ओरडत होती. पहिला प्रस्ताव ९४.६ टक्क्यांनी फेटाळला, दुसरा ६४ टक्क्यांनी, तिसरा ५९ टक्क्यांनी घेतला, चार वर्षांत ३८ टक्के वाढ. पेन्शन नाहीच मिळाली. माझ्या बिल्डिंगमधला मशिनिस्ट आहे एक, तीस वर्षं झाली त्याला, म्हणाला वाढ मिळाली ती घेतो, पण २०१४ ला मी "हो" म्हटलं होतं ते अजून मनातून जात नाही. दोन कारखान्यांतली दोन माणसं, दोघांनी भीतीने मत दिलं, आणि दोघांची भीती एकाच ऑफिसातून पाठवलेली.

---

चाकणचा_सप्लायर | रवि, १०/११/२०२४ - ०७:४५

ताई टोपलीचा मुद्दा मान्य. तो मला माहीत नव्हता. पण २०२० ला कोविडने विमानंच कुणी घेत नव्हतं, दोन लाइन चालवणं परवडणारच नव्हतं, आणि ७८७-१० हे लांब मॉडेल चार्ल्स्टनलाच बनत होतं कारण त्याचा मधला तुकडा मालवाहू विमानात मावत नाही, मग बंद कुठली करणार? याला मी सूड म्हणणार नाही.

---

पावसाळी | रवि, १०/११/२०२४ - ०८:२०

७८७-१० आधी चार्ल्स्टनला दिलं म्हणूनच ना नंतर तिथली लाइन बंद करता येईना. एकेक वीट अशी ठेवायची की शेवटी भिंत आपोआप झाली म्हणता येतं.

---

नागपुरी_तर्री | रवि, १०/११/२०२४ - १०:०३

मधात माझी पुंगी. ७८७ च्या फ्लोअरच्या खाली जे बीम असतात ना, कार्बनचे, ते आमच्या नागपूरले मिहानमध्ये टाटाच्या कंपनीत बनतात भाऊ, हजारोंनी गेले इथून. आणि चार्ल्स्टनमध्ये बनलेलं पहिलं ७८७ कुणाले गेलं माहीत आहे का? एअर इंडियाले. २०१२ मध्ये. म्हणजे जे विमान अमेरिकेतले दोन राज्यं भांडून बनलं त्याच्यात बसून आपला माणूस दिल्लीहून लंडनला गेला, पायाखाली नागपूर.

हे वाद तिकडे सिएटल का कॅरोलायना म्हणून चालते, पण पंख जपानचे, धडाचा तुकडा इटलीचा, बीम नागपूरचे. हे सगळं काम २००३-०४ पासूनच बाहेर वाटून दिलं होतं. चार्ल्स्टनवाल्याले सिएटलवाला नावं ठेवते, दोघं मिळून आम्हाले ठेवत असतील. इथं तर मतदानाची गोष्टच सोडा, माझ्या ओळखीतला पोरगा सेझमध्ये एका युनिटले तीन वर्षं ट्रेनी होता. ट्रेनी! तीन वर्षं!! (ते युनिट हे नाही, दुसरं.)

---

गिरणगाव१९८२ | रवि, १०/११/२०२४ - २१:५०

बरेच दिवसांनी लॉगिन झालो, याच धाग्यासाठी.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत. अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच नाही कुणी, आमच्या घरात पण तो तसाच राहिला, मागे न घेतलेला. तुम्ही शिकलेली माणसं बोईंगचं बोलताय, पण आम्ही लहानपणी हेच ऐकलं होतं, फक्त चार्ल्स्टनच्या जागी भिवंडी होतं. मालकांनी कापड बंद नाही केलं हो, कापड भिवंडीला, इचलकरंजीला, मालेगावला मागावर विणून घेतलं आणि वर छाप गिरणीचा. वडील एकदा भायखळ्याला दुकानात गेले आणि आपल्याच गिरणीचा शिक्का असलेलं कापड बघितलं, संपाच्या सातव्या महिन्यात. ते कापड हातात घेऊन चुरगाळून बघितलं म्हणे, म्हणाले हा आपला हात नाही. घरी येऊन जेवले नाहीत.

आणि भिवंडीत ते विणणारा कोण होता? बारा तास उभा राहणारा, कुठल्या तरी लांबच्या गावाहून आलेला, गाळ्यातच झोपणारा. त्याच्यावर राग काढून उपयोग काय. वडिलांनी पण नाही काढला. त्याला मिळत होतं ते काम त्याने केलं.

समरविलकर तुमच्या शेजाऱ्याची आई गिरणीत होती म्हणालात म्हणून अजून एक सांगतो, मी नंतर वाचून काढलंय. त्या कॅरोलायनात गिरण्या मुळात आल्या कुठून? मॅसॅच्युसेट्समधून, तिकडे कामगार संघटित झाले, पगार वाढले, म्हणून मालक दक्षिणेला गेले, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि दक्षिणेतले कामगार गप्प होते असं समजू नका. १९३४ ला तिथे कापड कामगारांचा मोठा संप झाला, साउथ कॅरोलायनात हनिया पाथ नावाच्या गावी ६ सप्टेंबरला गिरणीच्या दारात गोळीबार होऊन सात कामगार मेले. पुढे कित्येक वर्षं त्या गावात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. मग त्याच गिरण्या पुढे मेक्सिकोला, चीनला. म्हणजे युनियन नव्हती तरी गेल्याच की. तुमच्या शेजाऱ्याला हे विचारा, त्याच्या आईच्या गिरणीत युनियन होती का?

---

काळा_कोट | रवि, १०/११/२०२४ - २२:१५

गिरणगाव, शेवटचं वाक्य. _/\_

---

मिपावरचा_विमानवेडा | सोम, ११/११/२०२४ - १३:०७

एक मुद्दा राहिला, क्वालिटी. युनियन नसलेल्या चार्ल्स्टनमधल्या ढिसाळपणावर न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ ला मोठी बातमी केली होती, काही एअरलाइन एव्हरेटचंच विमान बरं म्हणायच्या असं विमानवेड्यांच्या गप्पांत असायचं. पण म्हणून युनियन म्हणजे दर्जा असं समीकरण मांडू नका, ७३७ मॅक्स रेंटनचं, पक्क्या युनियनच्या कारखान्यातलं, त्याची दोन विमानं कोसळली हे सगळ्यांना माहीत आहे, आणि यंदा जानेवारीत अलास्का एअरलाइनचं दार हवेत उडालं तेही रेंटनचंच विमान. वरच्या साहेबांना घाई असेल तर खालचा माणूस युनियनचा असो नसो. फरक एवढाच की बोललो तर नोकरी जाईल ही भीती कुठे कमी कुठे जास्त.

---

चाकणचा_सप्लायर | सोम, ११/११/२०२४ - २०:३३

गिरणगाव साहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे सासरे पण गिरणीतलेच, ते कधी बोलले नाहीत. बाकी माझं मत तेच आहे, पण घरी पाठवलेल्या त्या चार पोरांबद्दल मी वर जे लिहिलंय ते युनियनच्या डोक्यावर फोडलंय, त्यातलं थोडं माझ्याही डोक्यावर पाहिजे होतं. एवढंच.

---

समरविलकर | रवि, १७/११/२०२४ - ०३:१०

उशिरा लिहितोय, इकडे शनिवार संध्याकाळ आहे, आत्ताच अंगणातून उठून आलो.

आधी थोडी माहितीत भर. इथे युनियनच नाही असं मी वर लिहिलं ते अर्धवट आहे. चार्ल्स्टनच्या बंदरातली गोदी कामगारांची युनियन, आयएलए लोकल १४२२, चांगली मजबूत आहे, बहुतेक कृष्णवर्णीय सभासद, पगारही चांगले. म्हणजे इथल्या मातीत युनियन उगवत नाही हे खरं नाही. बंदर उचलून नेता येत नाही हा फरक असावा, असं मला हा धागा वाचून वाटायला लागलं. आणि कारखान्यातही २०१८ ला फ्लाइट लाइनवरच्या (तयार विमान उड्डाणाआधी तपासणाऱ्या) तंत्रज्ञांनी, पावणेदोनशे माणसं होती, १०४ विरुद्ध ६५ ने युनियनला होकार दिला होता, पुढच्या वर्षी तो गट वेगळा धरता येत नाही म्हणून त्या लेबर बोर्डानेच ते रद्द केलं. राज्याचं धोरण तर उघडच होतं, निकी हेली गव्हर्नर असताना म्हणाल्या होत्या की युनियनवाल्या कंपन्यांनी इथे येऊच नये असं आम्ही सांगतो. आपल्याच देशातून आलेल्या आईबापांची मुलगी, आमच्या देवळातले निम्मे लोक टाळ्या वाजवत होते.

आता शेजारी. गिरणगाव साहेबांचा प्रश्न मी त्याला विचारला, बायकोने सांगितलं होतं विचारू नकोस, तरी विचारला. आईच्या गिरणीत युनियन होती का? तो म्हणाला नव्हती. मग थोडा वेळ झाऱ्याने पातेलं ढवळत बसला. मग म्हणाला, "आणायचा प्रयत्न झाला होता एकदा, आईने नको म्हणून मत दिलं होतं." मी पुढे काही बोललो नाही, हा मुद्दा जिंकण्यासारखा वाटला नाही मला.

नंतर त्यानेच विचारलं, तिकडचे ३८ टक्के खरे का? म्हटलं खरे, चार वर्षांत मिळून. पेन्शन? म्हटलं नाही मिळाली. नवीन विमान काढलं तर ते तिकडेच बनवायचं असं कराराच्या मुदतीपुरतं लिहून घेतलंय म्हणे, तेही सांगितलं. ते मात्र त्याला आवडलं नाही, एकदम सरळ बसला. "म्हणजे पुढचं इकडे नाही?" मी म्हटलं तसंच दिसतंय. "त्यांनी ते संप करून मिळवलं?" हो म्हटलं.

पुन्हा मतदान झालं तर काय करशील हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात त्याचा जावई आला आणि फुटबॉलची मॅच सुरू झाली.

---

आग्या_वेताळ | रवि, १७/११/२०२४ - ०९:२६

पुढच्या शनिवारी विचारा आणि इथे टाका. अवांतर: त्या शेंगा कच्च्या ओल्या घेतात की वाळलेल्या, आणि किती वेळ उकळतात? आमच्याकडे कुकरला तीन शिट्ट्या.

---

समरविलकर | रवि, १७/११/२०२४ - १९:०४

सीझनला ओल्या, आता वाळलेल्या रात्रभर भिजवून. कुकर वगैरे नाही हो, उघड्या पातेल्यात सात-आठ तास, मीठ भरपूर. तीन शिट्ट्यांचं सांगितलं त्याला, त्याचा विश्वास बसला नाही.